मुलाखत द्या ताई, पण आधी विचारून घ्या

ताई, तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई सावत्र कुटुंबातल्या आयांच्या अनुभवांवर संशोधन करतायत. तुमचं दुसरं लग्न, म्हणून तुमचीही मुलाखत मागितलीय. ती द्यावी का, आणि दहा-बारा बायकांच्या बोलण्यातून सिद्ध काय होणार? मी अशी मुलाखत दिली आहे, म्हणून सांगते: द्या.

आमचं लग्न झालं तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता आणि ह्यांची मुलगी नऊ वर्षांची. एकाच घरात मी एकाची सख्खी, एकीची सावत्र. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याचा मला फार अभिमान आहे. पण लग्न लागल्यावर ताटं वाढताना बाईच्या मनात काय चालतं, हे मला सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते एवढंच, "पोरीला नीट बघतीस न्हवं?"

मुलाखतीला रंकाळा तळ्यावर बसून बोलू, असं मीच म्हणाले होते. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तिथं ओळखीचं कुणीतरी भेटणारच. मग शाहूपुरीत त्यांच्या खोलीवर बसलो. पहिलाच प्रश्न होता, "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं, सांगा." मी डब्यांपासून सुरुवात केली. बोलता बोलता तोंडातून गेलं की लेकीच्या चपातीला मी तूप जरा जास्तच लावते, कारण सासूबाईंची नजर असते. एकदा पोरगं म्हणालं होतं, "आई, माझ्या चपातीला कमी का?" आणि मी त्यालाच दटावलं होतं. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. 'चालायचंच' नाही, 'चुकलं' नाही. पुढं त्यांनी सगळी मुलाखत शब्द न् शब्द उतरवून मला वाचायला दिली, त्यात त्या जागी कंसात लिहिलं होतं: अकरा सेकंद शांतता.

सहीचं मी आपणहून सांगितलं. लेकीच्या नावानं बँकेत खातं काढायला गेले, तर पालक म्हणून माझी सही चालेना. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अठराच्या आतलं मूल) व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून जी 'आई' आहे, तिच्यात सावत्र आई धरलेली नाही. ताप आला की रात्रभर उशाशी मी, आणि सहीला ह्यांना दुकानातून बोलवायचं. बाईंच्या कागदावर हा प्रश्न नव्हता. माझ्यानंतरच्या मुलाखतींत त्यांनी तो घातला.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर इथंच आहे. ही शिरगणती नव्हे. किती टक्के सावत्र आया सुखी, हे दहा जणींवरून निघत नाही आणि त्या काढतही नाहीत. एकेक मुलाखत पुन्हा पुन्हा वाचायची, अर्थाच्या जागा टिपायच्या, सगळ्यांच्या बोलण्यातून फिरून येणारी सूत्रं शोधायची. ब्राउन आणि क्लार्क या मानसशास्त्राच्या दोघी अभ्यासकांनी २००६ साली मांडलेली रीत त्या वापरत होत्या. पॅट्रिशिया पेपरनाऊ या अमेरिकन मानसतज्ज्ञांचं म्हणणंही त्यांनी मला सांगितलं: सावत्र घरात सख्खा पालक मुलाच्या नात्यात 'आत' अडकतो आणि सावत्र पालक त्या नात्याच्या 'बाहेर'. मी एका सकाळीत दोन्हीकडं असते, हे मला तेव्हा उमगलं.

आता विचारून काय घ्यायचं ते. तुम्ही त्यांच्याकडं उपचाराला जात असाल तर मुलाखत देऊ नका. उपचार करणाऱ्या बाईला नाही म्हणणं जड जातं. संमतीपत्र मराठीत मागा, सावकाश वाचा. मधेच थांबायचा आणि माघार घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. रेकॉर्डिंग कोण ऐकणार आणि कधी पुसणार, हेही विचारा. आणि कोल्हापुरात नुसतं नाव बदलून भागत नाही हो. ह्यांचा चांदीचा धंदा, आमची गल्ली आणि मुलांची वयं एका ओळीत आली, की निम्मा गाव ओळखेल. मी धंदा बदलायला लावला, वयं मागंपुढं करायला लावली. बाईंनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. ज्या कुरकुर करतील त्यांना खुशाल नकार द्या.

मुलाखत म्हणजे उपचार नव्हे, हे तेवढं मनात ठेवून जा. जुनं वर आलं तर त्या दिवशी त्या तुम्हाला सावरायला बसणार नाहीत, त्यांचं काम ऐकायचं. म्हणून निघताना त्यांनी मला दुसऱ्या एका समुपदेशक बाईंचा नंबर लिहून दिला होता. मला काय गरज, म्हणून मी तो पर्समध्ये टाकला. तीन आठवड्यांनी लावला, आणि पहिल्यांदा पोराला बरोबर घेऊन गेले.