वायमार जर्मनी वाचायला घेताय? आधी एवढं करा

छान विषय निवडलात: पहिल्या महायुद्धानंतरचं, हिटलरच्या आधीचं जर्मन प्रजासत्ताक. पण सुरुवातीलाच हिटलरकडे धावू नका. सगळे तीच चूक करतात, आणि मग 1924 ते 1929 ही वर्षं नुसती वादळापूर्वीची शांतता वाटू लागतात. त्या माणसांना पुढचं ठाऊक नव्हतं, हे सतत लक्षात ठेवा.

पहिल्यांदा चलन समजून घ्या. माझ्या संग्रहात 1923 चं एक जर्मन टपाल तिकीट आहे, त्यावर किंमत 5,000 कोटी मार्क! त्याच वर्षी नोव्हेंबरात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं: एका नव्या मार्काला जुने 1 लाख कोटी. इथे घाई करू नका, लोकांची बचत कशी मातीमोल झाली ते नीट बघा.

मग एवढंच:
- डॉज योजना, 1924: पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईचे हप्ते जर्मनीला सोसवतील असे झाले, अमेरिकी कर्ज आलं.
- लोकार्नो करार, 1925: जर्मनीने पश्चिमेच्या सीमांची हमी दिली, पूर्वेच्या नाही. नवखे हे हमखास विसरतात.
- राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) जर्मनीचा प्रवेश, 1926.

या सगळ्यामागचे जर्मन नेते गुस्टाफ श्ट्रेझेमान. ते चॅन्सेलर (सरकारचे प्रमुख) होते जेमतेम शंभर दिवस; खरं काम परराष्ट्रमंत्री म्हणून, 1929 मध्ये मृत्यू येईपर्यंत. यंग योजना (नुकसानभरपाईचीच पुढची योजना), राइशबँकेचे (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे) व्याजदर वगैरे सध्या बाजूला ठेवा. अडलात तर बिनधास्त विचारा.