वेडाचं सोंग घेऊन फाशी चुकवता येते का?

तुम्ही विचारलंय, ‘खून करायचा, वेडाचं सोंग घ्यायचं आणि फाशीतून सुटायचं, असा कायदा ठेवलाच कशाला?’ सांगलीत मी बरीच वर्षं फौजदारी कामं करतेय. सोंग घेऊन सुटलेला आरोपी मी अजून पाहिलेला नाही. खरोखर आजारी असून शिक्षा झालेले पाहिलेत.

मानसिक आजाराचा बचाव देणारं कलम म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. नुसता आजार असून भागत नाही. ऐन कृत्याच्या वेळी आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळायची कुवतच नव्हती असं दाखवावं लागतं, आणि तेही आरोपीने. कोयता विहिरीत टाकला, पळून गेला, की बचाव डळमळलाच. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने बायकोचा खून केलेल्या महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला सोडलं, पण त्याच्या स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या उपचारांच्या नोंदी होत्या आणि तो पळालाही नव्हता. असं सुटल्यावरही माणूस सरळ घरी जात नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगतं, नाहीतर हमी घेऊन नातेवाइकांच्या हाती देतं.

फाशीचा प्रश्न त्याच्या पुढचा. २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशीची जन्मठेप करायला एक कारण मानलं. २०१९ साली महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी न्यायालयाने रद्द केली. शिक्षेनंतर त्याला गंभीर आजार जडला होता. निकालात त्याचं नाव ‘आरोपी एक्स’ एवढंच आहे. गुन्हा दोन लहान मुलींचा बलात्कार आणि खून. तुमचा राग मला कळतो. पण तो सुटला नाही, उरलेलं आयुष्य तुरुंगातच. आपल्याला का लटकवतायत हेच ज्याला कळत नाही, त्याला लटकवून शिक्षा कुणाला दिली? मला हे पटतं, मनापासून.

माझ्याकडे तासगाव भागातली एक आई आली होती. मुलाने चुलत्याला मारलं आणि तिथेच बागेत बसून राहिला. तिने औषध दुकानाच्या पिशवीतून कागद काढले: हळदीचे डाग पडलेला एक केस पेपर आणि अंगाऱ्याच्या पाच-सहा पुड्या. आजार सुरू झाला तेव्हा ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषीकडे नेलं, मग एकदा मिरजेला डॉक्टरकडे, पुन्हा देवऋषी. साक्षीत तिला तारखा सांगता येईनात. ‘ऑक्टोबर छाटणीच्या आधी, साहेब,’ एवढंच म्हणायची. सरकारी वकिलांनी विचारलं, ‘मग मधलं दीड वर्ष तो बरा होता ना?’ कागद नाही म्हणजे आजार नाही. जन्मठेप झाली.

म्हणून घरात असं कुणी असेल तर केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, काही फेकू नका.

अपील आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे आहे. परवा ती पत्र्याच्या डब्यातून मेडिकलची तीन बिलं शोधून घेऊन आली. दोन कोरी पडलीत, शाई उडून गेलीय. तिसऱ्यावर गोळीचं नाव आणि तारीख अजून वाचता येते.