रोव्हर सरकतोय की नाचतोय?

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात खासगी मोजणीची कामं करतो, प्लॉट, द्राक्षबागा, शेततळी असलं सगळं. गेल्या वर्षी उपग्रहावरून मोजणारा बेस-रोव्हरचा सेट घेतला, सेकंडहँड. बेस एका जागी उभा करायचा, रोव्हर घेऊन फिरायचं. परवा एका गटाच्या कोपऱ्यांवरचे दगड घेतले, दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम करायला गेलो आणि सहज म्हणून त्यातलाच एक दगड परत घेतला तर पूर्वेला 1.4 मीटर, उत्तरेला 0.9 मीटर फरक, उंचीत तर 2 मीटरच्या वर. स्क्रीनवर दोन्ही दिवस फिक्सच, म्हणजे मोजमाप पक्कं, दिसत होतं. बांधाचा शेजारी तिथंच उभा, म्हणे हे यंत्र आहे का मटका. आणि बागेत शिरलं की आकडे 20-30 सेंटिमीटर उड्या मारतात ते वेगळंच. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट मारा, मारलं, फरक शून्य. यंत्र खराब आहे का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : भाऊ, यंत्र विकायला काढू नका इतक्यात. तुमचे हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. पहिल्यात आकडे सरकलेत, दुसऱ्यात नाचतायत.

आधी सरकण्याचं बघू. नुसता एक दगड परत घेऊन कळत नाही, तीन-चार दगड परत घ्या आणि कालच्यातून आजचे वजा करा. प्रत्येक ठिकाणी तोच 1.4 आणि 0.9 आला तर रोव्हरचा काही दोष नाही, बेस खोटं बोलतोय. माझा अंदाज असा की रोज सकाळी ट्रायपॉड उभा करून तुम्ही ‘हिअर’चं बटण दाबता. त्या बटणाने बेस स्वतःची जागा स्वतःच ठरवतो, कोणाची मदत न घेता, आणि अशा जागेत दोन-तीन मीटरची चूक सहज असते, आज एका बाजूला तर उद्या दुसऱ्या. फिक्स म्हणजे बेसपासून रोव्हर किती लांब आणि कुठल्या दिशेला एवढंच दोन-तीन सेंटिमीटरात कळलं, बेस स्वतः कुठं उभा आहे याच्याशी फिक्सला देणंघेणं नाही. खात्री करायची तर दोन दगडांमधलं अंतर टेपने मोजा, ते दोन्ही दिवसांच्या आकड्यांशी जुळेल बघा.

उपाय सोपा आहे. मोरीच्या कठड्यावर किंवा विहिरीच्या काँक्रीटमध्ये एक खिळा ठोका, रोज बेस त्याच खिळ्यावर ओळंब्यात लावा आणि पहिल्या दिवशीचे आकडे हाताने टाका, अँटेनाची उंची मात्र रोज नव्याने मोजून. परवाचं काम वायाही गेलेलं नाही, दुसऱ्या दिवशीचे सगळे बिंदू तेवढेच मागे सरकवले की झालं. खिळ्याचे खरे आकडे हवे असतील तर त्याच्यावर रोव्हर धरून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कवरून, म्हणजे त्यांच्या कायम उभ्या असलेल्या बेसच्या जाळ्यावरून, घ्या, आणि मग सगळी कामं त्याच हिशोबात ठेवा, कारण कॉर्सचे आकडे 2005 सालाच्या चौकटीत दिलेले असतात आणि आपल्या भारताची सगळी जमीनच वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर ईशान्येला सरकतेय, म्हणजे आजच्या तारखेचे आकडे देणारी दुसरी कुठली सेवा मधेच वापरली तर मीटरभर फरक नुसता त्याच्यातूनच येतो आणि माणूस यंत्राला शिव्या घालत बसतो.

बेसजवळ माणूस बसवा हेही सांगून ठेवतो. एकदा माझ्या कामावर जेवणानंतरचे सगळे बिंदू चार मीटर बाजूला यायला लागले, फिक्स तर धड लागेचना. जाऊन बघतो तर शेतकऱ्याच्या आईने, पोरांचं यंत्र उन्हात तापतंय म्हणून, ट्रायपॉड उचलून बाभळीच्या सावलीत नेऊन ठेवलेला. वर पाण्याचा तांब्या पण शेजारी झाकून ठेवलेला. काय बोलणार तिला.

आता नाचण्याचं. बाग म्हणजे लोखंडी अँगल, वर तारांचं जाळं, त्याच्यावर पानांचं छत. उपग्रहाचा सिग्नल सरळ न येता अँगलवर आपटून येतो आणि रोव्हरला रस्ता लांब वाटतो. अशा ठिकाणी फिक्स दिसलं तरी कधीकधी ते खोटं असतं. रोव्हर बंद करून परत चालू करा, नव्याने फिक्स लागू द्या आणि तोच बिंदू घ्या, मग तास-दीड तासाने अजून एकदा. उद्या याच वेळेला येऊन बघतो असं करू नका, जीपीएसचे उपग्रह रोज साधारण 4 मिनिटं आधी त्याच जागी येतात, म्हणजे उद्या त्याच वेळेला तीच चूक मिळणार आणि तुम्ही म्हणणार जुळलं बुवा. खरं तर बागेच्या आत रोव्हर न्यायचाच कशाला, बाहेर मोकळ्यात दोन बिंदू घट्ट घ्या आणि आतलं टोटल स्टेशनने (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) किंवा टेपने काढा.

संध्याकाळी पण जपून. आपल्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर वरचं आयनांबर, म्हणजे हवेचा विजेने भारलेला थर, खवळतं, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्तच, आणि फिक्स धडाधड तुटतं. उजेड आहे तोवर उरका.

आणि रोव्हर ज्याच्यावर बसतो त्या पोलचा बुडबुडा तपासा, सेकंडहँड आहे म्हणून सांगतो. 2 मीटरच्या पोलला 1 अंशाचा कल असला तर 3.5 सेंटिमीटरची चूक. टोक त्याच खुणेवर ठेवून पोल अर्धा फिरवा, बुडबुडा मधून हलला तर आधी तो दुरुस्त करा.

प्रश्न : मोबाईलवरच्या ॲपने शेताला चालत फेरी मारली तर 38 गुंठे आले, सातबाऱ्यावर 40 आहेत. शेजाऱ्याने 2 गुंठे दाबले समजायचं का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : अजिबात नाही. 40 गुंठ्यांचं चौकोनी शेत धरलं तर एक बाजू साधारण 64 मीटरची. एका बाजूला रेषा 3 मीटर आत पडली तरी जवळजवळ 2 गुंठे गेले, आणि मोबाईल 3 ते 5 मीटर आरामात चुकतो, त्यात बांधाला झाडं असली तर अजून. तुम्ही बांधाच्या आतून चाललात का बाहेरून, एवढ्यानेही आकडा बदलतो. शंका खरंच असेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आणि तोवर हा 38 चा आकडा शेजाऱ्याला सांगू नका.