लहान गावाची ग्रामपंचायत घरकुले, रस्ते आणि त्यांची देखभाल नेमकी कशी सांभाळते?

आपण विचारले आहे की मूळ गावी परतून राहायचे आहे, गाव लहान आहे, ग्रामपंचायतीकडे लाखांनी निधी येतो असे ऐकिवात आहे, तरीही आपल्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता काही वर्षांतच उखडला आणि गटार तुंबलेलेच राहते, हे कसे? मी सोलापूर जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. त्या कामात जे कागद रोज हाताखालून गेले, त्यांच्या आधारे उत्तर देतो. थोडक्यात सांगायचे तर गावात नवे काम बांधण्यासाठी पैसा वरून येतो, पण बांधलेले टिकवण्याचा भार मुख्यतः गावाच्या स्वतःच्या करावर पडतो, आणि आपल्या बहुतेक लहान गावांत तो कर पुरेसा वसूल होत नाही. बाकीचे सारे याच एका गोष्टीभोवती फिरते.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, पंचायतींना घटनेचे अधिष्ठान मिळाले आणि अकराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी २९ विषय आले. ग्रामीण गृहनिर्माण, रस्ते आणि पूल, तसेच सामूहिक मालमत्तेची देखभाल हे तिन्ही विषय त्या यादीत आहेत. मात्र यादीत विषय असणे आणि तो पार पाडण्याइतकी माणसे व पैसा हाती असणे यांत मोठे अंतर आहे. दीड हजारांच्या आतील लोकसंख्येच्या गावात सात सदस्य, एक सरपंच, बहुधा दोन-तीन गावे सांभाळणारा एक ग्रामसेवक (२०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), एक शिपाई आणि पाणी सोडणारा एक कर्मचारी, एवढीच सारी यंत्रणा असते. अभियंता गावाचा नसतो. तो पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचा असतो आणि त्याच्याकडेही अनेक गावे असतात.

प्रथम रस्त्यांचे पाहू, कारण आपली तक्रार तिथून सुरू होते. गावात दिसणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावाला जोडणारा रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झाला असेल, तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे त्याची देखभाल करण्याची जबाबदारी करारानेच ठेकेदारावर असते आणि तसा फलक रस्त्याच्या कडेला लावलेला असतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीचा वाद असेल, तर तो ग्रामपंचायत मिटवू शकत नाही. वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला असल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. ग्रामपंचायतीकडे उरतात ते गावठाणातील अंतर्गत रस्ते, गल्ल्या, त्यांच्या कडेची गटारे आणि दिवाबत्ती. यांची नोंद नमुना २३ मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत असते. ज्या रस्त्याबद्दल भांडायचे, तो या नोंदवहीत आहे की नाही हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे. चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात माणसांची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत.

आता पैशाकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीत महाराष्ट्राच्या ग्रामीण संस्थांसाठीच्या अनुदानातील ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले आणि उरलेला वाटा पंचायत समिती व जिल्हा परिषदेत प्रत्येकी १० टक्के असा विभागला गेला. त्यातील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे केवळ पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी, आणि ४० टक्के अबंधित. अबंधित रकमेतून रस्ता घेता येतो, पण कर्मचाऱ्यांचे पगार किंवा कार्यालयाचा आस्थापना खर्च करता येत नाही. याखेरीज आमदारांच्या शिफारशीने येणारा २५१५ या लेखाशीर्षाचा (सरकारी हिशेबातील खर्चाच्या खात्याचा) निधी, जिल्हा नियोजन समितीकडून जनसुविधेचा निधी, दलित वस्ती सुधार योजना, आदिवासी भागांत ठक्कर बाप्पा योजना, असे अनेक झरे आहेत. या बहुतेक योजनांचा स्वभाव एकच आहे: त्या नवे काम मागतात. नवा काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, नवे सभागृह, स्मशानभूमीची नवी शेड. उखडलेल्या जागी दोन पाट्या माल टाकायला, गटारातला गाळ काढायला, जळालेला दिवा बदलायला त्यांत जागा नसते. वित्त आयोगाच्या पैशातून दुरुस्ती घेण्यास तत्त्वतः अडचण नसली, तरी गावाचा वार्षिक विकास आराखडा तयार करताना प्रत्येक सदस्य आपल्या वॉर्डात दिसेल असे नवे काम मागतो. दुरुस्तीच्या कामाला नारळ फोडला जात नाही, ही त्यामागची खरी अडचण आहे.

देखभालीसाठी म्हणून उरतो तो ग्रामनिधी: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजाराचे किंवा गाळ्यांचे थोडे उत्पन्न. पाणीपट्टी पाणीपुरवठ्यातच खर्ची पडते. उदाहरणादाखल हिशेब करून पाहा. गावात ३०० घरे आहेत आणि सरासरी घरपट्टी ६०० रुपये आहे असे समजा, म्हणजे वर्षाची मागणी १ लाख ८० हजारांची झाली. त्यातील निम्मी वसूल झाली तर हाती ९० हजार येतात. स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. मग उरतात ६३ हजार. त्यातून कर्मचाऱ्यांच्या वेतनातला ग्रामपंचायतीचा हिस्सा, वीजबिल, कागद-शाई आणि मोटार जळाली तर तिची दुरुस्ती भागवायची. आपल्या गल्लीतल्या गटारासाठी मागे काय राहते, हे आपणच ठरवावे.

म्हणून घरपट्टी भरणे ही गावाच्या दृष्टीने अत्यंत गंभीर बाब आहे, आणि ती तशी मानली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. वसुलीचे अधिकार कायद्याने ग्रामपंचायतीला दिले आहेत: आधी देयक, मग मागणी लेख, म्हणजे थकबाकी भरण्याची लेखी नोटीस, आणि शेवटी जप्ती. परंतु ज्या सरपंचाला उद्या त्याच भावकीत लग्नाला जायचे आहे, तो जप्तीच्या कागदावर सही करायला धजावत नाही. माझ्या अनुभवात वसुलीचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आधी सदस्यांनी स्वतःचा कर भरून पावती सभेत दाखवणे. मागणी मिळाल्यापासून तीन महिन्यांत थकबाकी न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, अशी तरतूदच आहे. काही गावांनी दंडाऐवजी प्रोत्साहनाचा मार्ग धरला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात सर्व कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत दळून मिळते, हे आपण ऐकले असेल. तेथे कर भरण्याचा फायदा प्रत्येक घराला स्वयंपाकघरात दिसला, म्हणून लोक भरू लागले. आणि पैसा जमला म्हणूनच तिथल्या सोयी टिकल्या, ही बाब त्या गावाची वाखाणणी करताना अनेकदा सांगायची राहून जाते.

घरांच्या बाबतीत ग्रामपंचायतीची भूमिका वेगळी आहे. घरकुलाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून जात नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये टप्प्याटप्प्याने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात, आणि जोता, भिंती, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे जागेच्या अक्षांश-रेखांशासह अॅपवर चढवल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत. ग्रामपंचायतीचा, खरे म्हणजे ग्रामसभेचा, अधिकार यादीवर आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून आणि पुढे आवास प्लस सर्वेक्षणातून जी नावे आली, त्यांतील अपात्र नावे वगळणे आणि क्रम निश्चित करणे हे ग्रामसभेसमोर, मोठ्याने नावे वाचून व्हायला हवे. जिथे हे वाचन झाले नाही, तिथे दुमजली घरवाल्याचे नाव यादीत राहते आणि पत्र्याच्या खोलीत राहणारी विधवा बाई मागे पडते. हे मी पाहिले आहे आणि अशा ग्रामसभेत गप्प बसलेल्या कोणालाही मी दोषमुक्त समजत नाही.

घरकुल मंजूर होऊनही ते अडते ते जागेवर. गावठाण वाढलेले नसते, वाटण्या झालेल्या नसतात, आणि अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी जागेवर राहात असतात. अशा निवासी अतिक्रमणांपैकी काही ठरावीक अटींवर नियमानुकूल करता येतात, परंतु गायरानाचा प्रश्न निराळा आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध अत्यंत कडक निकाल दिला, आणि त्यानंतर गायरानावरील घर कायम करून देतो असे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विसंबू नये. ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. त्याची चौकशी पंचायत समितीत करावी.

आपण जुने घर दुरुस्त करून राहणार आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर आपल्या आजोबांचे नाव असेल तर वारसांची नोंद करून घ्या, पण भावकीत वाद असल्यास तो त्या उताऱ्याने सुटणार नाही. स्वामित्व योजनेतून गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळकत पत्रिका मिळते आणि ती अधिक भक्कम असते. पुरंदर तालुक्यातील सोनोरी हे अशा मोजणीचे राज्यातले सुरुवातीचे गाव. गावठाणात नवे बांधकाम किंवा वाढीव बांधकाम करायचे असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी, आणि पायरी, ओटा किंवा पन्हाळीचे पाणी रस्त्यावर येणार नाही हे पाहावे. गल्ल्या अरुंद होण्याचे आणि गटारे बुजण्याचे कारण पुष्कळदा आपल्याच घरांचे पुढे आलेले ओटे असतात. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा हटवण्याचा अधिकार कलम ५३ ने ग्रामपंचायतीला दिला आहे, पण तो वापरला जाईल याची खात्री धरू नये. एवढे मात्र खरे की सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर स्वतःच अतिक्रमण करणारा सदस्य पदावर राहण्यास अपात्र ठरतो.

रस्ता लवकर का उखडला, याचे उत्तर कामाच्या वेळीच शोधायला हवे होते. खडीकरण नीट न दाबता वर काँक्रीट ओतले, पाणी मारले नाही, कडेला गटार न करता रस्ता आधी केला आणि नंतर नळाच्या जोडणीसाठी तो ठिकठिकाणी फोडला, तर तीन पावसाळेही तो टिकत नाही. जल जीवन मिशनच्या नलिका टाकताना कितीतरी गावांत चांगले रस्ते खोदले गेले आणि पूर्ववत करण्याचे काम अर्धवट राहिले. कामाच्या अंदाजपत्रकात किती जाडीचा थर धरला आहे आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीत, किती नोंदला आहे, हे गावातल्या कोणत्याही माणसाला माहिती अधिकाराखाली पाहता येते. कामावर उभे राहून टेपने मोजणारी दोन माणसे गावात असली, तर ठेकेदाराचे वागणे बदलते. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांना ठेकेदार जबाबदार राहतो ती मुदत, संपलेली नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने करून घ्यायची असते. त्यासाठी ग्रामपंचायतीने त्याला लेखी कळवावे लागते आणि अनामत रक्कम परत देण्याची घाई करायची नसते.

आपल्या गल्लीसाठी काय करावे, हे आता सांगतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा होणे आवश्यक आहे आणि त्या साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास तहकूब झालेली सभा पुढे गणपूर्तीशिवाय घेता येते, आणि कित्येक महत्त्वाचे ठराव अशा रिकाम्या सभेत होतात. पुढील वर्षाच्या विकास आराखड्यावर चर्चा होते त्या सभेला जा, आपले नाव गावच्या मतदार यादीत आले असेल याची आधी खात्री करा, गल्लीतील पाच-दहा घरांच्या सह्यांचा अर्ज आठ दिवस आधी देऊन त्याची पोच घ्या, आणि विषय इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांसह लिहिला गेला की नाही हे सभा संपण्यापूर्वी वाचून पाहा. मागणीत नव्या रस्त्यासोबत गटाराच्या वार्षिक साफसफाईसाठी आणि रस्त्याच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम धरावी, असे लेखी मागा. मंजूर झालेला आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून घरबसल्या पाहता येतो. जाण्यापूर्वी मागील दोन वर्षांचे आकडे वाचून गेलात, तर सभेत आपल्याला उडवाउडवीचे उत्तर देणे कठीण होईल. घरपट्टीची पावती सोबत ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच विचारला जातो.