आधी गुडघ्याची वाटी कर

चिलखत बनवायला शिकतोयस, तर पहिलंच काम म्हणून शिरस्त्राण करायला घेऊ नकोस. गुडघ्याची वाटी, म्हणजे चिलखताचा गुडघा झाकणारा वाटीसारखा तुकडा, कर. तुकडा लहान असतो, बिघडला तरी पत्रा फारसा वाया जात नाही.

माइल्ड स्टीलचा 16 गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा पत्रा घे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कधीच तापवू नकोस, त्याचा धूर विषारी असतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गुडघ्यावर बांध आणि उकिडवा बसून बघ. पुठ्ठा अडला तर पोलादही अडणार.

मग लाकडी ओंडक्यात खळगा कोर आणि साच्याप्रमाणे कापलेला पत्रा त्यावर ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने कडेकडून मध्याकडे फेऱ्या घेत ठोक. मधेच जोर लावत राहिलास तर पत्रा तिथे पातळ होतो, आणि वार झेलायचा असतो नेमका तिथेच. 15व्या शतकातल्या मिलानच्या कारागिरांनी छातीच्या कवचाची जाडी समोर जास्त आणि बाजूंना कमी ठेवली. मला त्या हातांचं आजही अप्रूप वाटतं.

कडेला सुरकुती दिसली की लगेच सपाट कर. दुमडली तर तिथेच चीर जाते. कापलेल्या कडा ठोकण्याआधीच कानशीने घासून घे. आणि कानांना संरक्षण हवंच, पहिल्या घावापासून.