एक लायब्ररी, अनेक प्रोसेसर

प्रश्न : आमच्या इमेज लायब्ररीत वेगासाठी एव्हीएक्स२ (एक्स८६ प्रोसेसरवरच्या) आणि निऑन (एआरएमवरच्या) या एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा कोड घातलाय. जिकडेतिकडे इफडेफ (कंपाइल करताना कोणता कोड घ्यायचा ते ठरवणाऱ्या ओळी) झाल्यामुळे फंक्शन वाचवत नाही. शिवाय प्रोसेसर तपासूनच एव्हीएक्स२ वापरतो, तरी जुन्या मशीनवर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत बंद पडतो. मांडणी कशी करावी?

उत्तर : आधी क्रॅशचं बघू. एव्हीएक्स२चा फ्लॅग (कंपायलरला त्या सूचना वापरायची मुभा देणारा पर्याय) सगळ्या लायब्ररीला लावला असेल, तर कंपायलर साध्या कोडमध्येही, अगदी तुमच्या तपासणीच्या फंक्शनातही, त्या सूचना घालू शकतो. फ्लॅग फक्त त्या-त्या फाइलला लावा.

सी++ असेल तर तेवढ्यानं भागत नाही. एव्हीएक्स२च्या फाइलनं सामाईक हेडरमधलं एखादं इनलाइन फंक्शन, समजा क्लॅम्प, वापरलं की त्याची एव्हीएक्स२वाली प्रत बनू शकते. इतर फाइलींत त्याच फंक्शनच्या साध्या प्रती असतात. लिंकर (सगळ्या फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणारा) त्यातली एकच ठेवतो. नेमकी एव्हीएक्स२वाली राहिली, तर साध्या वाटेनं जाणारा कोडही जुन्या मशीनवर कोसळतो. लिंकिंगचा क्रम बदलला की दोष गायब होऊ शकतो, त्यामुळे शोधताना अक्षरशः जीव मेटाकुटीला येतो. माझा संशय इथेच आहे. एव्हीएक्स२च्या फाइलींत सामाईक टेम्प्लेट किंवा इनलाइन फंक्शनं वापरूच नका. लागतील ती तिथंच स्टॅटिक लिहा.

मांडणीसाठी एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओच्या ओपन सोर्स लायब्ररीचा सोर्स उघडून बघा. मूळ सी कोड एकीकडे, एक्स८६ आणि एआर्च६४ (६४-बिट एआरएम) यांचे फोल्डर वेगळे. सुरुवातीला फंक्शन पॉइंटरमध्ये सी फंक्शनं भरायची, मग प्रोसेसर पाहून वेगवान फंक्शनं त्यावर बसवायची. इफडेफ उरतात ते या एका जागी. ६४-बिट एक्स८६वर एसएसई२ (एव्हीएक्स२च्या आधीचा सूचनासंच) असतंच, ते तपासत बसू नका. एव्हीएक्स२साठी मात्र सीपीयूआयडी (प्रोसेसरला काय जमतं ते सांगणारी सूचना) पुरत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती रुंद रजिस्टरं जपते का, हे एक्सगेटबीव्ही या सूचनेनं बघावंच लागतं.

साधी सी आवृत्ती कधीही काढून टाकू नका. टेस्टमध्ये प्रत्येक वेगवान फंक्शनचं उत्तर तिच्याशी ताडून बघा. एव्हीएक्स२ एका दमात ३२ बाइट घेतं, म्हणून ३१ आणि ३३ बाइट रुंदीच्या ओळी मुद्दाम द्या. चुका बहुधा शेपटाकडेच, म्हणजे ३२च्या गटात न बसणाऱ्या उरलेल्या बाइटांत, निघतात. फ्लोटची बेरीज वेगळ्या क्रमानं होते, तिथं थोडा फरक चालवून घ्या. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं सक्तीनं सी आवृत्ती चालवायची सोय ठेवा. तक्रार आली की वापरणाऱ्याला पहिल्यांदा तेच करून बघायला सांगता येतं.