पाच माणसांच्या घरासाठी एअर फ्रायर घ्यावा का? (म्हापसा, गोवा)

तुमच्या घरी रोज मासे तळले जातात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्यावरूनच ठरवा.

एअर फ्रायर म्हणजे पंखा असलेला छोटा ओव्हन. गरम हवा जोरात फिरते आणि वरचा थर कोरडा, कुरकुरीत होतो. रवा लावलेला बांगडा यात चांगला होतो, पण रव्यावर तेलाचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर रवा पांढरा आणि कोरडाच राहतो. १८० अंशांवर साधारण १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा परतायचा. नीरफणसाची कापंही छान होतात. तव्यावरच्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीची चव मात्र येत नाही, हे आधीच सांगते. भजी तर विसराच, ओलं पीठ जाळीतून खाली गळतं.

खरा प्रश्न आकाराचा आहे. चार लिटरच्या भांड्यात एका थरात दोन-तीन बांगडेच मावतात; पाच जणांचं जेवण म्हणजे दोन घाणे, आणि पहिला घाणा तोवर निवतो. घ्यायचाच तर सहा लिटरच्या वरचा घ्या. १५०० वॅटचा फ्रायर अर्धा तास चालला तर पाऊण युनिटपर्यंत वीज जाते, ती फार नाही. पण प्लग १६ अँपिअरचा असेल तर तसं सॉकेट ओट्याजवळ आहे का ते आधी बघा.

घरात चालू ओटीजी (टोस्टर आणि ग्रिलची सोय असलेला छोटा ओव्हन) असेल तर मी घेणार नाही. नसेल, आणि डॉक्टरांनी कुणाचं तेल कमी करायला सांगितलं असेल, तर जरूर घ्या.